नाक दाबायच्या जागा

श्रोतेहो, नमस्कार.

२०२५ च्या जुलैत चाकण-आकुर्डीच्या कारखानदारीत ज्याच्या त्याच्या तोंडी चुंबक होतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये बसतं ते. मोटर तापली तरी त्याची ओढ टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम या धातूंची किंचित भर घालतात. ४ एप्रिलला चीननं अशा सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. बंदी नव्हे हं, नुसता कागद! चुंबक शस्त्रांत वापरणार नाही असं खरेदीदारानं लिहून द्यायचं, दिल्लीतल्या चिनी वकिलातीचा शिक्का मिळवायचा आणि मग बीजिंगची वाट पाहत बसायचं. तेवढ्यानं बजाज ऑटोवर, ऑगस्टमध्ये चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं जाहीरपणे सांगायची वेळ आली.

चुंबकातला मुख्य धातू म्हणजे निओडिमियम; ते केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही सापडतं. पण ते वेगळं काढणं म्हणजे किचकट आणि घाण काम. चीन स्वस्तात करून देतोय म्हटल्यावर जगानं ते त्याच्याच गळ्यात टाकलं. जाळं व्यापाऱ्यांनी विणलं, नफ्यासाठी. सगळे धागे कुठे एकत्र येतात, हे सरकारांनी मागाहून हेरलं. नाक दाबलं की तोंड उघडतं!

एकट्या चीनला बोल लावू नका. पैशांच्या बाबतीत अमेरिका कधीचीच यात तरबेज आहे. डॉलरचा व्यवहार बहुधा न्यूयॉर्कच्या बँकांतून फिरतो. बीएनपी पारिबा ही फ्रेंच बँक, पण सुदान, इराण, क्युबाच्या ग्राहकांसाठी तिनं डॉलर फिरवले म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेनं तिच्याकडून सुमारे ९ अब्ज डॉलर वसूल केले. बेल्जियमची स्विफ्ट ही संस्था तर पैसे पाठवतही नाही, बँकांचे निरोप पोचवते फक्त. मार्च २०१२ मध्ये इराणी बँकांचे निरोप तिनं थांबवले. मग इराणच्या तेलाचे काही पैसे आपण कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत भरू लागलो.

परदेशी कंपन्यांची कार्डं बंद पडली तर आपलं रुपे कार्ड आहेच की, असं कुणी म्हणेल. रशियानंही २०१४ नंतर देशातल्या कार्डव्यवहारांची यंत्रणा स्वतःकडे घेतली होती. मार्च २०२२ मध्ये व्हिसा, मास्टरकार्डनं अंग काढून घेतलं, तरी मॉस्कोच्या दुकानांत जुनी कार्डं चालत राहिली. देशाबाहेर मात्र ती बंद. तेच कार्ड घेऊन माणूस इस्तंबूलला उतरला, की हॉटेलचं बिल रोखीनं भरायचं.