कोपर नेमकं कुठं अडतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'खांदा, कंबर आणि घोटा'. तिथं येतोच. पण आधी अ‍ॅक्शन फिगरच्या, म्हणजे सांधे हलणाऱ्या खेळण्यातल्या बाहुलीच्या, कोपराबद्दल बोलू द्या, कित्येक महिने डोक्यात तेच घोळतंय.

प्रत्येकाकडं अशी एक तरी अ‍ॅक्शन फिगर असते, जिचा हात ९० अंशांपुढं वाकत नाही. तलवार दिलीय, पण उगारता येत नाही. आपण लगेच म्हणतो, सांधाच खराब, बदलून टाकू. मीही तेच म्हणालो आणि जरा जोर लावला. 'कट्' असा बारीक आवाज आला. हात माझ्या बोटांत, खुंटी दंडात. इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी तो आवाज ऐकलाय, चेहऱ्यांवरून कळतंय!

खुंटी काढायला तिच्या मधोमध १ मिलिमीटरचं भोक पाडलं. हातानं फिरवायच्या ड्रिलनं बरं का, मोटरच्या वेगानं प्लास्टिक वितळतं. ते करताना भिंगाखाली दंडाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा चकाकणारा डाग दिसला. बाहीची चुणी दाखवायला तिथं एक कंगोरा ठेवला होता आणि हाताचा पुढचा भाग त्यावरच आदळत होता. सांधा बिचारा निर्दोष होता, आणि मी मोडला नेमका तोच.

तेव्हापासून मी आधी मार्कर घेतो. संशयित जागेवर शाई लावायची, ओली असतानाच हात वाकवायचा आणि समोरच्या भागावर ठसा कुठं उमटतो ते बघायचं. दाताचे डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, तसंच. ठसा उमटला तेवढंच घासायचं, पुन्हा शाई, पुन्हा वाकवायचं. रंगाच्या थरालाही जागा लागते, म्हणून केसभर जास्तच घासा.

सांध्यांची संख्या मोजायची सवय जुनीच. १९६४ साली हॅस्ब्रो या खेळणी कंपनीनं १२ इंची जी. आय. जो हा सैनिक आणला, तो २१ हलत्या भागांची जाहिरात करत. मला मात्र १९८२ चा पावणेचार इंची जो जास्त आवडतो. त्याच्या कमरेत रबराची रिंग असते. ती तुटली की पाय गळून पडतात, पण पाठीचा एक स्क्रू काढून नवी घालता येते. उघडता येणारं खेळणं! आज किती फिगर अशा...

पाच मिनिटं राहिली? बरं, भराभर सांगतो.

खांदा: दोन्ही हातांनी तलवार धरायची तर खांदा छातीपुढं यायला हवा. तो सहसा पीव्हीसीच्या खांदेपट्टीला अडतो. पट्टी गरम पाण्यात मऊ करून बाहेर वळवा, मग थंड पाण्यात धरा.

कंबर: पट्टा वेगळा निघत असेल तर त्याची आतली कड तासा, पोट कापू नका.

घोटा: पाय फाकवल्यावर तळवा सपाट टेकला नाही तर फिगर कलंडणारच. विजारीची खालची कड आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूनं घासा, पाऊल तिरकं वळायला जागा होते. सांध्याचा गोळा सैल पडला तर त्यावर सुपरग्लूचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावरच खोबणीत बसवा. घट्ट सांध्याला सिलिकॉन तेल.

मार्कर आणि कानशी टेबलावर आहेत. अडलेली फिगर आणली असेल तर पुढं या, लगेच शाई लावून बघू.