गेटवरच्या खुर्चीचा हिशोब

नमस्कार श्रोतेहो. सोसायटी असो, कारखाना असो की शाळा, गेटवर सिक्युरिटीची एक खुर्ची असते. ती चोवीस तास रिकामी राहू नये, एवढंच आपलं मागणं. आज त्या खुर्चीचा हिशोब मांडू या. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

आठवड्याचे तास 168. एका माणसाचा कामाचा आठवडा 48 तासांचा. भागाकार करा, साडेतीन येतात. तीन पाळ्यांचे तिघं, आणि त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला उभा राहणारा रिलीव्हर, तो अर्धा. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या कोटेशनमध्ये हा अर्धा माणूस 'रिलीव्हर चार्ज' म्हणून येतो. सहा दिवसांमागे एक, म्हणजे 16.67 टक्के. समितीच्या मीटिंगमध्ये पहिली कात्री त्यालाच लागते. "जो दिसतच नाही, त्याचे पैसे कशाला?" असं मीही एकदा ऐटीत विचारलं होतं. महिनाअखेर हजेरीचं मस्टर उघडलं, तर रविवारी दिवसपाळीत ज्याचं नाव, रात्रपाळीतही त्याचंच!

आता पगार. हिशोबाला सोपा म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये धरू. खरा आकडा राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत असतो. महिना 26 दिवसांचा धरला तर रोज पडला 500. कोणी 30 ने भागून दाखवला तर 433 होतो. रोजचे 67 रुपये नुसत्या भागाकारात गेले.

या 13,000 वर मालकाच्या वाट्याचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, म्हणजे 1,690. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, सव्वातीन टक्के, 422 रुपये 50 पैसे. बोनस किमान 8.33 टक्के, 1,083. एकूण 16,195 च्या पुढे. यात रिलीव्हर, गणवेश, ग्रॅच्युइटी अजून आलेली नाही. हे आकडे कायद्याने बांधलेले. एजन्सीच्या हातात खरं तर एकच आकडा असतो, तिचा सर्व्हिस चार्ज. तरीही दोन कोटेशनांत हजारोंचा फरक दिसला, तर तो कुठून आला हे विचारायला हवं.

बारा तासांच्या ड्युटीचंच घ्या. "तिघांऐवजी दोघं ठेवा, स्वस्त पडेल," असं एजन्सीवाले हमखास सांगतात. आठ तासांनंतरचे चार तास ओव्हरटाइम, दर दुप्पट. म्हणजे एकाची मजुरी झाली 16 तासांची, दोघांची 32. तिघांची मात्र 24 तासांचीच. म्हणजे दोघं महाग पडायला हवेत. स्वस्त पडतात, कारण ओव्हरटाइम साध्या दराने दिला जातो किंवा दिलाच जात नाही. रात्री दोन वाजता खुर्चीत मान टाकलेल्या माणसावर आपण चिडतो, तेव्हा हे गणित आठवावं.

"पगार एजन्सी देते, आमचा काय संबंध?" असं म्हणून सुटता येत नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्याने, द्यायची, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. म्हणून बिलासोबत पीएफचं चलन आणि त्यामागची कामगारांच्या नावांची यादी, म्हणजे ईसीआर, मागा, आणि रक्कम पाहून थांबू नका, नावं ताडून पाहा. रिलीव्हर मंजूर केल्यावर आमच्या दोन गेटांच्या मस्टरवर सात नावं आली. पीएफच्या यादीत चारच होती.