तपाचा सिद्धांत आणि आबामामांची पट्टी

(जळगावातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उन्हातून इथवर आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय फार भारदस्त छापलाय: 'व्यापारी संगणकप्रणालींच्या नव्या आवृत्त्या व त्यांचे मुक्त पर्याय'. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की नवी विंडोज आली की फुकटवाल्यांचं काय होतं ते सांगतो. 'फुकटवाले' छापायला संयोजकांना संकोच वाटला असणार. तसं मुक्त म्हणजे फुकट नव्हे, ज्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कोणालाही वाचता-बदलता येतो तो मुक्त, पण त्या फाट्याला वळलो तर अमळनेरला पोचणार नाही, आणि मला आज आधी अमळनेरलाच जायचंय.

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे खानदेशात कोणाला सांगायचं? आपल्यात प्रत्येकाचा एक तरी मामा असतो, ज्यानं ते शेअर लवकर विकून टाकले. माझ्या आबामामांनी ते घेतलेच नाहीत. 'कागद घेऊन काय करू, मला पोती दाखव', असा त्यांचा खाक्या.

तर आबामामांची बाजार समितीत धान्याची अडत. १९९६ साली धुळ्याच्या एका पोरानं त्यांना डॉसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजआधीच्या प्रणालीवर, फॉक्सप्रो नावाच्या भाषेत हिशोबाचा प्रोग्राम करून दिला. शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव टाकायचा. हमाली-तोलाई कापून पट्टी बाहेर. निळा पडदा, पिवळी अक्षरं. आणि तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर! तीन प्रती, मधे कार्बन, कर्र कर्र आवाज. ओट्यावर बसलेला शेतकरी पडद्याकडे बघतसुद्धा नाही. तो कर्रकर्र ऐकतो, आवाज थांबला की हात पुढे करतो. पंचवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

२०२२च्या दिवाळीत मामेभावानं नवा संगणक आणला. विंडोज अकरा. लक्ष्मीपूजनाला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, आणि मग जुन्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. आबामामा चष्मा वर सरकवून म्हणाले, "मना हिसोब कोठे गया?" मामेभाऊ म्हणाला, "हिशोब आतच आहे आबा, फक्त उघडत नाही." त्यावर आबामामा, "मंग तो शे काय नि नही काय!"

हसू नका. संगणकशास्त्रातली मोठमोठी माणसं जे पानंच्या पानं लिहून सांगतात ते एवढंच आहे.

झालं होतं असं, की ६४-बिटच्या, म्हणजे एका घासात जास्त माहिती हाताळणाऱ्या, विंडोजमध्ये डॉसचे नि जुने १६-बिटचे प्रोग्राम चालवणारा भाग ठेवलेलाच नाही. विंडोज दहापर्यंत ३२-बिटची आवृत्ती तरी मिळायची. अकरा नंबरची निघाली तीच फक्त ६४-बिटची. आधी दार लावलं होतं, आता तिथे भिंत घातली. विक्रेता म्हणाला, नवं सॉफ्टवेअर घ्या. आबामामा म्हणाले, बैल म्हातारा झाला म्हणून कोणी विहीर बदलतं का?

मग भाचेबुवांना, म्हणजे मला, बोलावणं आलं. माळ्यावरून जुना डबा काढला. उंदरांनी त्याच्या माऊसची वायर खाल्ली होती. भाऊबंदकी कुठे नसते? डॉसला माऊस लागत नाही, म्हणून निभावलं. त्यावर मी फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मुक्त पर्याय, टाकलं. प्रिंटरची ती रुंद, जाड केबल. नव्या संगणकाला ती खोचायला जागाच नव्हती, जुन्याला होती. निळा पडदा उमटला. पहिली पट्टी कर्रकन निघाली आणि ओट्यावरून एक हात आपोआप पुढे आला. माझ्या आयुष्यात एवढी दाद कुठल्याही व्याख्यानाला मिळालेली नाही. आजही मिळेलशी चिन्हं नाहीत.

आता हे फ्रीडॉस कुठून आलं? १९९४ साली मायक्रोसॉफ्टचं धोरण स्पष्ट दिसायला लागलं, की पुढे विंडोज, डॉसला रामराम. जिम हॉल नावाचा अमेरिकेतला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी चिडला आणि म्हणाला, मग आपणच डॉस लिहू. जगभरची माणसं जमली. आवृत्ती १.० आली सप्टेंबर २००६मध्ये. १९९४ ते २००६ म्हणजे किती? बारा वर्षं. एक तप!

इथे माझा लाडका सिद्धांत सुरू होतो: मुक्त पर्याय पुरा व्हायला एक तप लागतं. घरचे ऐकून कंटाळलेत, म्हणून तुमच्याकडे आलो.

दुसरं उदाहरण सांबाचं. डॉसच्या संगणकाला युनिक्स या दुसऱ्या प्रणालीच्या सर्व्हरवरच्या, म्हणजे सामाईक संगणकावरच्या, फायली उघडता याव्यात म्हणून अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२मध्ये हे काम सुरू केलं. कागदपत्रं नसताना करायचं कसं? तारेवरून दोन संगणक काय बोलतात ते ऐकत बसायचं. भाषा न येणारा माणूस हॉटेलात बसून वेटर आणि गिऱ्हाईक यांचं बोलणं ऐकतो, काय मागितलं की काय येतं ते टिपतो, तसं. भुसावळ स्टेशनावर एक दिवस बसलं तर कुठलाही माणूस चार भाषांत चहा मागायला शिकतो. पण २०००मध्ये विंडोज २००० आली, तिच्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातली माणसं नि संगणक यांची सामाईक नोंदवही, आली, आणि बोलणंच बदललं. या बोलण्याची माहिती मायक्रोसॉफ्ट इतरांना देत नाही म्हणून युरोपात खटला चालला, २००७मध्ये मायक्रोसॉफ्ट हरली, त्यानंतर दहा हजार युरो भरून सांबावाल्यांना ती कागदपत्रं मिळाली. तो सगळा कारभार सांभाळणारी सांबा ४ कधी आली? डिसेंबर २०१२. पुन्हा बारा!

वाईन माझा सिद्धांत मोडतं, हे कबूल करतो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालवणारं हे वाईन १९९३मध्ये सुरू झालं, १.० आलं २००८मध्ये. पंधरा वर्षं. अधिकमास धरूनही बसत नाही. आणि रिॲक्टओएसनं तर माझी लाजच काढली. १९९६मध्ये मंडळी विंडोज ९५ची मुक्त प्रतिकृती करायला बसली. चर्चा इतकी रंगली की विंडोज ९८ येऊन ठेपली. मग नाव बदललं, मोर्चा एनटीकडे, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या शाखेकडे, वळवला. आज लक्ष्य आहे विंडोज सर्व्हर २००३, आणि काम अजून अल्फा, म्हणजे कच्च्या अवस्थेत. हे तप सुटतच नाही. तसं खुद्द विंडोज दहाचं तरी कुठे पुरं झालं? आली २०१५मध्ये, ऐन नाशिकच्या सिंहस्थात. पुढचा सिंहस्थ यायच्या आत, १४ ऑक्टोबर २०२५ला, तिचा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, संपला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. खाली दोन रेघा मारल्यात. बरं, मूळ विषय.

नवी आवृत्ती आली की मुक्त पर्याय मेला, असं सरसकट म्हणतात. मला उलटं दिसतं. धावत्या गाडीच्या चाकाचं माप घेता येत नाही. नवी आवृत्ती येते तेव्हा जुनी थांबते, आणि थांबलेल्या चाकाचं माप घेता येतं. डॉस थांबलं म्हणून फ्रीडॉस पुरं झालं. रिॲक्टओएसनं २००३ धरलं तेही चाक हलायचं थांबलंय म्हणूनच. पण त्यात एक गोम आहे. तुम्ही माप घेईपर्यंत बाजार पुढे जातो. नव्या यंत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्राम, जुन्या विंडोजसाठी कोणी लिहीत नाही, नवे ब्राउझर तिच्यावर चालत नाहीत. मग बिनचूक प्रतिकृती तयार होते, पण ती बसवायला यंत्र माळ्यावरून काढावं लागतं. आबामामांचं भागलं, कारण त्यांना इंटरनेट नको, पट्टी हवी.

लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीची गोष्ट वेगळी, तिथे मूळ कोड उघडाच. त्यामुळे तपाचे महिने होतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ आली नोव्हेंबर २०१०मध्ये. तिची हुबेहूब मुक्त आवृत्ती सेंटओएस ६ यायला आठ महिने लागले, सर्व्हरवाले डोळे लावून बसले होते. २०१४मध्ये रेड हॅटनं सेंटओएस पंखाखाली घेतलं आणि ८ डिसेंबर २०२०ला जाहीर केलं, की सेंटओएस ८ फक्त पुढच्या वर्षअखेरपर्यंत. लगेच त्याची जागा घ्यायला रॉकी आणि अल्मालिनक्स उभे राहिले. जून २०२३मध्ये रेड हॅटनं कोड मिळवणंही अवघड केलं. तरी १०वी आवृत्ती २० मे २०२५ला आली आणि अल्मालिनक्स १० आली २७ मेला. आठ महिन्यांचा आठवडा झाला! शिवाय रेड हॅट १०नं बरेच जुने प्रोसेसर वगळले, तर अल्मावाल्यांनी त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढली. कंपनीनं ज्याला ओट्यावरून उठवलं, त्याला यांनी बसायला पोतं दिलं.

विंडोज अकरालाही टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, नवा प्रोसेसर लागतो. चांगले चालते संगणक त्यामुळे बाहेर पडताहेत, त्यांच्यावर लिनक्स... हो हो, अध्यक्ष महाराज, थांबतो. पहिल्या रांगेतल्या शेठजींच्या ओठांवर 'त्यावर टॅली चालेल का?' हा प्रश्न मघापासून आहे. त्याचं उत्तर लांब आहे, चहा घेता घेता सांगतो.