आजारी नसताना दवाखान्यात

(दृश्य: स्टीलचं टेबल, त्यावर तपकिरी कुत्रा)

हा ब्रुनो. वय सहा वर्षं, आपला देशी. खाणंपिणं उत्तम, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतो. पुण्यातल्या या दवाखान्यात तो आज आलाय तो वार्षिक तपासणीला. बाहेर बाकावर बसलेले बहुतेक जण फक्त इंजेक्शनसाठी आलेत. रेबीजचं, नाइन इन वनचं (अनेक आजारांवरची एकत्र लस) इंजेक्शन घेतलं, कार्डावर शिक्का मारून घेतला, की चालले घरी. इंजेक्शन हवंच. पण त्याआधी डॉक्टरांचे हात काय करतात, ते नीट बघा.

(दृश्य: तोंडाचा क्लोजअप)

डॉक्टरांनी ओठ वर केला, हिरडी बोटानं दाबली. पांढरी पडली. बोट काढताच परत गुलाबी. दोन सेकंदांच्या आत रंग यायला हवा, इथं आला. हिरडी मुळातच फिकट असती, तर पहिला संशय गोचीडतापाचा. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात शिरतात. एर्लिकियामुळे प्लेटलेट घटतात, बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. पावसाळ्यात तर हे बघायलाच हवं. म्हणून आता कान उलटे केले, बोटांच्या बेचक्या उघडल्या. आणि ही बघा. पुढच्या डाव्या पायात, दोन बोटांच्या मधोमध, टम्म फुगलेली गोचीड. रोज ब्रश फिरवूनही घरात कुणाला दिसली नव्हती. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरली आणि सरळ ओढली.

मागच्या दाढेवरचा हा तपकिरी थर म्हणजे टार्टर. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण धरूनच चालतो. तो वास बऱ्याचदा हिरडीखाली वाढणाऱ्या जंतूंचा असतो. दात साफ करायला भूल द्यावी लागते, त्याची तारीख ठरली.

आता दोन्ही हात एकदम जबड्याखाली, मग खांद्यापुढे, मग गुडघ्यामागे. इथं लसिकाग्रंथी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या गाठी, असतात. डावी-उजवी एकाच वेळी चाचपली, की एखादी मोठी झालेली लगेच हाताला लागते. आणि हे मला फार आवडतं: एका हातात छातीवर टेकवलेला स्टेथोस्कोप, दुसऱ्या हाताची बोटं मांडीच्या आतल्या बाजूला नाडीवर. कानात पडणाऱ्या प्रत्येक ठोक्याला बोटाखाली नाडी लागलीच पाहिजे. याला कुठलं महागडं मशीन लागत नाही.

(दृश्य: वेताची टोपली, आत मांजर)

चिंगी, वय बारा. डॉक्टरांनी तिला बाहेर ओढलं नाही. झाकण काढलं आणि टोपलीतच तपासायला घेतली. मांजर दुखणं लपवतं. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की जरा बारीक झालीय, पाणी थोडं जास्त पिते.

वजनकाटा बघा: 3 किलो 750 ग्रॅम. कार्डावर गेल्या वर्षीची नोंद आहे, 4 किलो 200. साडेचारशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेले, तर घरी कुणी स्वस्थ बसेल का? गेल्या वर्षीचा आकडा नसता, तर आजच्या आकड्यावरून काहीच कळलं नसतं. धडधाकट जनावर दवाखान्यात न्यायचं ते या आकड्यासाठी.

बारीक होणं आणि जास्त पाणी पिणं, म्हणजे संशय मूत्रपिंडावर. मांजराच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढतं, तोवर मूत्रपिंडाचं साधारण पाऊण काम गेलेलं असतं. म्हणून रक्ताबरोबर लघवीही तपासली, रक्तदाबही घेतला.

गोचीड सापडली म्हणून ब्रुनोच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, ती स्वच्छ निघाली. चिंगीला मूत्रपिंडाचा विकार आहे, सुरुवातीचा. आहार बदललाय.

तरुण कुत्र्या-मांजराला वर्षातून एकदा आणा, वय झालेल्याला सहा महिन्यांनी. येताना सकाळची ताजी शी छोट्या डबीत आणा, जंतांची अंडी तिच्यात सापडतात. आणि मांजराची टोपली चार-पाच दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, आत तिचं नेहमीचं फडकं घालून.