न्यूयॉर्कचं 'गॉथम' : पांघरलेल्या वेडाचं नाव

गॉथम म्हटलं की बॅटमॅन आठवतो. पण बॅटमॅन अवतरला १९३९ साली. त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी हे नाव न्यूयॉर्कला चिकटलं होतं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं.

साल १८०७. चोवीस वर्षांचा वॉशिंग्टन आयर्विंग, त्याचा थोरला भाऊ विल्यम आणि मित्र जेम्स पॉल्डिंग, हे तिघे मिळून 'साल्मागुंडी' नावाचं नियतकालिक काढत. शहरातल्या पुढाऱ्यांची, फॅशनची, नाटकवेड्यांची रेवडी उडवणं हा त्याचा धंदा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्याच शहराला 'गॉथम' म्हटलं. वाचकांना टोमणा लगेच कळला असणार. इंग्लंडातलं गॉथम म्हणजे मूर्खांचं गाव!

हे गाव खरंच आहे, नॉटिंगहॅमच्या जवळ. तिथले लोक त्याला 'गोटम' म्हणतात. दंतकथा सांगते की तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा जॉन या गावावरून जाणार होता. राजा ज्या वाटेनं गेला ती कायमची सरकारी वाट; म्हणजे जमीन गेली आणि खर्च डोक्यावर बसला. गावकऱ्यांनी शक्कल लढवली. राजाची माणसं पुढे पाहणीला आली, तेव्हा काहीजण ईल माशाला तळ्यात बुडवून मारत होते. काहीजण कोकिळेला झुडपात कोंडायला कुंपण घालत होते, वसंत ऋतू सरूच नये म्हणून! असल्या वेड्यांच्या गावातून कोण जाणार? राजानं वाट बदलली.

वेड पांघरून पेडगावला जाणारे आपण पाहिलेत. इथं अख्खं पेडगावच वेड पांघरून बसलं.

म्हणजे आयर्विंगनं न्यूयॉर्ककरांना मूर्ख म्हटलं की बेरकी? मला वाटतं, दोन्ही. म्हणून तर ते चिडले नाहीत. उलट पुढं दुकानदारांनी हे नाव हौसेनं पाट्यांवर चढवलं. त्यातल्याच एका दुकानानं बॅटमॅनला शहर दिलं. बॅटमॅनच्या गोष्टींचा लेखक बिल फिंगर टेलिफोनची डिरेक्टरी चाळत होता, 'गॉथम ज्वेलर्स' दिसलं आणि शोध संपला. वाचकाला ते आपलंच शहर वाटावं, म्हणून त्याला 'न्यूयॉर्क' हे नाव टाळायचं होतं.

बोलताना मात्र हे नाव फारसं ऐकू येत नाही. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन-क्वीन्स भागांतला माणूस शहराच्या मध्यवर्ती मॅनहॅटनला निघाला की 'सिटीत चाललोय' एवढंच म्हणतो. गॉथम राहतं ते बातम्यांच्या मथळ्यांत आणि दुकानांच्या नावांत. मूळ विनोद ओळखून वापरणारे त्यातही थोडेच. १९२० साली फ्रान्सिस स्टेलॉफ या बाईंनी सुरू केलेलं 'गॉथम बुक मार्ट' त्यांपैकी एक. २००७ पर्यंत हे पुस्तकांचं दुकान चाललं. दारावरच्या पाटीवर नावेत बसून गळ टाकणारी माणसं होती, आणि खाली लिहिलेलं : 'शहाणे इथं मासे धरतात.'