गेमचं नाव एकाचं, हात दुसऱ्याचे

[दृश्य : लातूर, ट्यूशन एरिया. रात्रीचे साडेनऊ. क्लास नुकतेच सुटलेत. सायकली, स्कूट्या, चहाच्या गाड्यांभोवती पाठीला सॅक लावलेली पोरं.]

या वेळी इथं उभं राहिलं की दोन विषय हमखास कानावर पडतात. यंदा नीटचा कटऑफ किती लागणार, आणि कुठले सर कुठल्या क्लासला गेले. कोपऱ्यातल्या या चौघांचा विषय मात्र भलताच आहे. बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेमचा चौथा भाग कोण करणार?

परभणीच्या पोरानं विचारलं. उदगीरच्यानं कप खाली न ठेवताच एका स्टुडिओचं नाव घेतलं, "आउलकॅट. लिहून घे." अंबाजोगाईचा हसला. "त्यांच्याकडं आधीच दोन गेम पडलेत की. तिसरा कधी करायलेत?"

ज्या गेमची अजून घोषणासुद्धा नाही, त्याच्यावर अर्धा तास झाला वाद चालू आहे. चौथा गडी अजून एक शब्द बोललेला नाही. तो फक्त चहाचे पैसे देतोय.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. चार पात्रांची टोळी, संवादाची चौकट, वीस बाजूंचा फासा फिरतोय.]

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बाल्डर्स गेट हा सीआरपीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम. पात्र तुम्ही घडवायचं, सोबती तुम्ही निवडायचे, आणि समोरच्याशी गोड बोलायचं, खोटं बोलायचं की तलवार काढायची हेही तुम्हीच ठरवायचं. फासा साथ देतो किंवा देत नाही. वाचायला मजकूर ढिगानं. मराठी सोडा, बाल्डर्स गेट तीन हिंदीतही नाही. त्यामुळं यातल्या दोघांचं इंग्रजी शाळेत कमी आणि या गेमांमध्ये जास्त झालंय. त्यांच्या आयांना हे पटत नाही, तो वेगळा भाग.

बाल्डर्स गेट तीन आला 3 ऑगस्ट 2023 ला. करणारा स्टुडिओ लॅरियन, बेल्जियममधल्या गेंट शहरातला. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. आणि मार्च 2024 मध्ये लॅरियनचे प्रमुख स्वेन विंके यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत जाहीर केलं की या गेमला पुरवणी येणार नाही आणि चौथा भाग आम्ही करणार नाही. हा गेम ज्या जगात घडतो ते डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाचं जग आणि त्यासोबत बाल्डर्स गेट हे नाव विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचं. ती हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या मालकीची. म्हणजे नाव राहिलं हॅसब्रोच्या घरी, आणि ते नाव ज्यांनी परत मोठं केलं ते हात उठून निघून गेले.

लातूरच्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. क्लासची पाटी तीच राहते, फिजिक्सचे सर दुसरीकडं जातात, आणि जूनमध्ये निम्मी बॅच सरांच्या मागं जाते. नुसती पाटी बघून फी भरणारा पालक इथं नवखा समजला जातो.

[दृश्य : हॉस्टेलची खोली. टेबलावर एक्स्टर्नल हार्ड डिस्क, शेजारी एसटीचं तिकीट.]

पैशाचाही भाग आहेच. बाल्डर्स गेट तीनची स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानातली भारतातली किंमत 2,999 रुपये. घरून येणाऱ्या पैशांत मेस बसवायची, खोलीभाडं बसवायचं, आणि उरलं तर वर्षाकाठी एखादा गेम. स्टीम पैसे परत देतं, पण खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. या गेमांमध्ये दोन तास तर पात्राचं नाक ठरवण्यात जातात. म्हणून विकत घेण्याआधी एकच चौकशी करायची : केलाय कुणी?

शिवाय बाल्डर्स गेट तीनला जागा लागते 150 जीबी. मोबाइल डेटावर तो उतरवायचा म्हणजे उन्हाळा संपेल. इथल्या गड्यांनी त्यावर तोड काढली. छत्रपती संभाजीनगरला ज्याच्या खोलीवर फायबर आहे तो गेम उतरवतो, हार्ड डिस्क एसटीनं लातूरला येते. ज्यांनी गेम विकत घेतलाय ते त्या फाइली आपल्या स्टीमच्या फोल्डरमध्ये टाकतात. स्टीम फाइली तपासून घेतं आणि राहिलेलं तेवढंच नेटवरून ओढतं. डिस्क पाठवणारी मुलगी मूळची नांदेडची, इंजिनिअरिंगला आहे. या सगळ्या टोळीत अंदाज बांधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्याकडं आपण येऊच. त्याआधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर हे भांडण का होतं ते कळणार नाही.

[दृश्य : जुन्या गेमांची चित्रं एकामागून एक. 1997 पासून.]

फॉलआउट आला 1997 मध्ये, इंटरप्ले कंपनीकडून. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, फॉलआउट दोन आणि बाल्डर्स गेट. बाल्डर्स गेट घडवला कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरनं, फॉलआउट दोन इंटरप्लेच्याच ब्लॅक आयल या स्टुडिओनं. मग इंटरप्ले आर्थिक गाळात गेली. 2003 मध्ये ब्लॅक आयल बंद पडला. तिथून बाहेर पडलेल्यांनी त्याच वर्षी ऑब्सिडियन काढला. फॉलआउटची मूळ कल्पना ज्यांची, ते टिम केन आणि लिओनार्ड बॉयार्स्की त्याआधीच निघाले होते. त्यांचा स्टुडिओ ट्रॉयका.

फॉलआउटचं नाव मात्र या कुणासोबतच गेलं नाही. ते 2007 मध्ये बेथेस्डा या दुसऱ्या गेम कंपनीनं विकत घेतलं आणि 2008 मध्ये फॉलआउट तीन आणला. मग न्यू वेगास नावाचा पुढचा गेम करायला दिला ऑब्सिडियनला. म्हणजे ज्यांनी घर बांधलं होतं त्यांनाच त्या घरात भाड्यानं बोलावलं. वेळ दिला साधारण दीड वर्ष. 2010 मध्ये गेम आला तो बग घेऊनच आला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी 85 झाली असती तर स्टुडिओला बोनस होता. झाली 84. ही गोष्ट ऑब्सिडियनचे ख्रिस अव्हेलोन यांनीच पुढं जाहीरपणे सांगितली. एका गुणानं सीट हुकणं म्हणजे काय हे लातूरला ठाऊक असल्यामुळं हा किस्सा इथं फार लोकप्रिय आहे.

ऑब्सिडियनच्या वाट्याला असा दुसरेपणा वरचेवर आला. स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक बायोवेअरचा, 2003. दुसरा भाग ऑब्सिडियनचा, 2004. नेव्हरविंटर नाइट्स 2002, बायोवेअर. दुसरा 2006, ऑब्सिडियन. यातूनच चाहत्यांना सवय लागली : नाव जाहीर झालं की आधी विचारायचं, या वेळी कुणाच्या हातात?

पुढं मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्ये ऑब्सिडियन घेतला, आणि मार्च 2021 मध्ये बेथेस्डाची अख्खी मूळ कंपनीच घेतली. फॉलआउट आणि ऑब्सिडियन एका छताखाली आले. त्या दिवसापासून न्यू वेगास दोनच्या अफवेला मरण नाही. फॉलआउटवरच्या टीव्ही मालिकेचा दुसरा सीझन वेगासमध्ये घडला आणि उदगीरच्या पोरानं पुन्हा एकदा जाहीर केलं, "आता तर नक्की."

[दृश्य : छत्रपती संभाजीनगर. उस्मानपुऱ्यातली एक खोली. भिंतीवर वेळापत्रक, पडद्यावर एक्सेलची शीट.]

नांदेडची मुलगी म्हणते, नक्की काही नसतं. तिच्या शीटमध्ये स्टुडिओंची नावं आहेत, पण मुख्य रकाना माणसांचा आहे. गेम संपल्यावर जी नामावली सरकत जाते, जी बाकीचे सगळे वगळतात, ती ही थांबवून थांबवून उतरवून घेते. लेखक कोण, लढाईची रचना कुणाची, दिग्दर्शन कुणाचं. पुढच्या गेममध्ये त्यातले किती उरले. तिचं म्हणणं असं की स्टुडिओचं नाव हीसुद्धा पाटीच. 2010 चा ऑब्सिडियन आणि आजचा ऑब्सिडियन यांच्यात दाराबाहेरचं अक्षर तेच आहे, आत कोण बसलंय ते बघा.

बायोवेअर हा तिचा ठरलेला पुरावा. संस्थापक रे म्युझिका आणि ग्रेग झेशुक 2012 मध्ये निघून गेले. बायोवेअरच्याच ड्रॅगन एज या गेमांचं जग रचणारे डेव्हिड गेडर 2016 मध्ये गेले. 2024 च्या ऑक्टोबरअखेर ड्रॅगन एजचा नवा भाग व्हेलगार्ड आला, आणि जानेवारी 2025 मध्ये माणसं आणखी कमी झाली. बायोवेअरची दुसरी गेममालिका मास इफेक्ट, तिचा नवा भाग कोण करणार याचं उत्तर कागदावर आजही बायोवेअर हेच आहे. ते उत्तर पुरेसं आहे का, हा तिचा प्रश्न. मला तो बरोबर वाटतो, जरी तिचं शीट बघून झोप येत असली तरी.

बाकीच्या टोळीची पद्धत गुप्तहेराची. कुठल्या स्टुडिओनं नोकरीच्या जाहिरातीत "डंजन्स अँड ड्रॅगन्सची आवड" असं लिहिलंय. कुणी ट्रेडमार्क नोंदवला. लिंक्डइनवर कुणी "अघोषित गेम" असं लिहून वर खुणेपुरता शब्द सोडलाय. यातलं निम्मं हवेतलं असतं, पण सगळंच नाही. मे 2019 च्या शेवटी लॅरियननं आपल्या वेबसाइटवर फक्त रोमन आकड्यातला तीन दाखवला होता. चाहत्यांनी त्या चित्राची फाइल उघडून आतला मजकूर वाचला, तर त्यात विझर्ड्स ऑफ द कोस्टचं नाव. आठवड्याभरात अधिकृत घोषणा झाली.

दुसरा नमुना बेथेस्डाच्या जुन्या ऑब्लिव्हियन या गेमचा. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या खटल्यातले कागद चुकून उघडे पडले, त्यात बेथेस्डाच्या जुन्या वेळापत्रकात ऑब्लिव्हियनचं नूतनीकरण लिहिलेलं. पण करणार कोण हे नव्हतं. ते पक्कं कळलं एप्रिल 2025 मध्ये, व्हर्च्युओस या कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवर चित्रं सापडली तेव्हा. 22 एप्रिलला गेम विक्रीला. कोर्टाचे कागद एवढ्या आवडीनं वाचणारी दुसरी जमात मी मराठवाड्यात बघितली ती जमिनीच्या दाव्यातली.

[दृश्य : अंधारा रस्ता, निऑनच्या पाट्या. ब्लडलाइन्स दोनचा ट्रेलर.]

आता एक प्रकरण, जिथं सगळ्यांचेच अंदाज आपटले. व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स. 2004 मधला, ट्रॉयकाचा. नोव्हेंबरच्या ज्या दिवशी हाफ-लाइफ दोन हा बहुचर्चित गेम आला त्याच दिवशी हा बाजारात उतरला आणि चिरडला गेला. पुढच्या वर्षी ट्रॉयका बंद. गेम मात्र चाहत्यांनी स्वतः दुरुस्त करून करून जिवंत ठेवला.

मार्च 2019 मध्ये पॅराडॉक्स या प्रकाशक कंपनीनं दुसरा भाग जाहीर केला. करणार हार्डसूट लॅब्ज, सिएटलचा स्टुडिओ, आणि मुख्य लेखक ब्रायन मित्सोडा, जे पहिल्या गेमचेही लेखक होते. चाहते निश्चिंत झाले, जुना हात परत आला म्हणून. ऑगस्ट 2020 मध्ये मित्सोडांना काढल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये अख्ख्या हार्डसूटकडूनच काम काढून घेतलं. आणि मग अडीच वर्षं पॅराडॉक्स नावच सांगेना.

त्या अडीच वर्षांत जगातल्या एकूण एक स्टुडिओचं नाव घेऊन झालं. ऑब्सिडियन म्हणावं तर तिथं काम केलेले केन आणि बॉयार्स्की, म्हणजे खुद्द ट्रॉयकाचे संस्थापक. तर्क किती देखणा! सप्टेंबर 2023 मध्ये नाव आलं द चायनीज रूम. ब्रायटनचा स्टुडिओ, प्रसिद्ध कशासाठी, तर ज्यात चालत चालत गोष्ट ऐकायची अशा शांत गेमांसाठी. हे नाव इथल्या कुणाच्याच यादीत नव्हतं. 21 ऑक्टोबर 2025 ला गेम आला आणि जुन्या चाहत्यांचं काही समाधान झालं नाही.

डिस्को एलिझियमचं याच्या उलट. तिथं वारस एवढे निघाले की मोजावे लागले. 2019 चा हा गेम झाऊम स्टुडिओचा. 2022 पर्यंत तो घडवणारी मुख्य माणसं बाहेर पडलेली. मग ऑक्टोबर 2024 मध्ये एकाच सुमाराला लाँगड्यू, डार्क मॅथ आणि समर इटर्नल असे तीन नवे स्टुडिओ पुढं आले, तिघांचाही त्या वारशाशी काही ना काही संबंध. इकडं झाऊमनं स्वतःचा नवा गेम झीरो परेड्स जाहीर केला. खरा वारस कोण यावर बोलायचं तर दुसरा व्हिडिओ करावा लागेल.

[दृश्य : पुन्हा लातूर. गंजगोलाईजवळचं हॉटेल. टेबलावर पाच ताटल्या. नांदेडची मुलगी सुटीसाठी आलेली.]

तर, बाल्डर्स गेट चार. उदगीरचा आउलकॅटवर अडून आहे : पाथफाइंडरचे दोन आणि रोग ट्रेडर, एवढे मोठे गेम सलग कुणी केलेत? त्यांच्या हातात डार्क हेरसी आणि एक्सपान्स हे दोन गेम आहेत हे तो मान्य करतो, पण हॅसब्रोला घाई नाही म्हणतो. परभणीच्याला वाटतं लॅरियन परत येईल. त्याला बाकीच्यांनी वेड्यात काढलं, कारण डिसेंबर 2025 मध्ये लॅरियननं स्वतःचा डिव्हिनिटी हा गेम जाहीर केला. नाव स्वतःचं, हात स्वतःचे. मग दुसऱ्याच्या दारात कशाला जातील?

अंबाजोगाईचा बरेच दिवस राखून ठेवलेलं पान टाकतो : आर्केटाइप. हा स्टुडिओ विझर्ड्स ऑफ द कोस्टचाच, आणि काढला कुणी, तर जेम्स ओहलेन यांनी, जे बायोवेअरमध्ये बाल्डर्स गेटच्या पहिल्या दोन्ही भागांचे मुख्य डिझायनर होते. टेबलावर क्षणभर शांतता. मग नांदेडची म्हणते, "काढला कुणी ते नको सांगू. आज आत कोण कोण आहे ते सांग." आणि ती लॅपटॉप उघडते.

पैज लागली निलंगा राइसची. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला वर्षभर, महिन्यातून एकदा. अटी चौथ्या गड्यानं लिहिल्या, जो आजवर फक्त चहाचे पैसे देत आला. लीक धरायचा नाही, लिंक्डइन धरायचं नाही, हॅसब्रोनं स्वतः नाव घेतलं तरच निकाल. मध्येच स्टुडिओ बदलला, तर पैज पहिल्यापासून.