ड्रायव्हरला चटई टाका

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, लग्नसराईच्या तोंडावर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सुरुवात माझ्यापासूनच करते. 19 वर्षांपूर्वी मी बेळगावात एका रुग्णालयात नाईट ड्युटी करायची. घर खानापुरात. एका सकाळी ड्युटी संपली तेव्हा रात्रभरात डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, तासभर आडव्या व्हा, मग जावा." मी म्हटलं, जायचंय किती, पंचवीस-सव्वीस किलोमीटर तर. पिरनवाडी गेलेली आठवते, मच्छे आठवतं. त्यानंतर एकदम आठवते ती चाकाखाली कराकरा वाजलेली खडी. गाडी डांबर सोडून खाली उतरली होती आणि दहा पावलांवर जांभळीचं झाड होतं. ब्रेक लागला म्हणून मी आज इथं उभी आहे. मधला रस्ता मी कसा कापला, ते मला अजून सांगता येत नाही.

मला झोप आली होती, हेच मला कळलं नव्हतं. मी डॉक्टर असून कळलं नव्हतं.

माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते उतरतं फक्त झोपेत. साठा फार झाला की मेंदू तुमची परवानगी मागत बसत नाही. दोन-चार सेकंद तो आपणहून मिटतो. कधीकधी डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसतं. आपण डुलकी म्हणतो, आम्ही मायक्रोस्लीप म्हणतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर, या वाचनालयाच्या पायरीपासून पार मारुतीच्या देवळापर्यंत, आणि स्टिअरिंगवर कुणीच नाही. झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही, गाडी वळवत नाही. म्हणून अशा अपघातात बऱ्याचदा रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नसते. आणि आपल्याकडे उसाच्या हंगामात हुक्केरी-संकेश्वरकडच्या रस्त्यांवर मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्याकडे ड्रायव्हर मंडळी येतात. पाठ दुखते, ॲसिडिटी होते म्हणून. मी झोपेचं विचारते. एकाने सांगितलं, "झोप आली की थांबवतो की ओ डॉक्टर, मला कळतंय." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पण ज्या मेंदूने ठरवायचं, तोच आधी मंद झालेला असतो. दारू प्यालेला माणूस "मला चढली नाही" म्हणतो, तसंच हे.

दारूचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दोन्हींची तुलना केली. सलग 17 तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडतो, आणि 24 तास जागा असलेला 100 मिलिग्रॅमवाल्याइतका. हे दर 100 मिलिलिटर रक्तामागचे आकडे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. दारू शोधायला पोलिसांकडे फुंकायचं यंत्र आहे. झोप शोधायला असं यंत्र नाक्यावर नसतं.

आता आपल्या पोरांचा हिशोब मांडू. इथल्या बऱ्याच घरांतला एकतरी मुलगा पुण्यात आहे. गणपतीला येतो. सकाळी सहाला उठून दिवसभर काम करतो आणि रात्री साडेआठला मोटारसायकलला किक मारतो. अकराच्या सुमारास तो साताऱ्याकडे असतो, तिथेच त्याचे 17 तास भरतात. कोल्हापूर ओलांडेस्तोवर दोन वाजतात. मग कागल, कोगनोळी, निपाणी, तवंदीचा घाट, आणि घड्याळात तीन. पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाचं शरीर झोपेकडेच ओढलं जातं, कितीही सवय असली तरी. त्यात घर जवळ आल्याने मन सैल होतं. आई इकडे फोन करते, "कुठं पोचलास?" आयांनो, हा फोन दुपारीच करा. म्हणा, "आज नको निघू, सकाळी निघ, नैवेद्याला उशीर झाला तरी चालेल."

काच उघडायची, गाणी मोठ्याने लावायची, तोंडावर पाणी मारायचं, तंबाखूचा बार भरायचा, हे सगळे उपाय मी ऐकले आहेत. त्याने थोडा वेळ तरतरी वाटते, झोप तिथेच असते. चहा-कॉफीचा उपयोग होतो, पण अंगात भिनायला अर्धा तास लागतो. म्हणून कॉफी प्यावी, गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर लावावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत. उठल्यावर काही मिनिटं तसंच बसावं, मग किल्ली फिरवावी. यानेही फक्त पुढचा तास-दीड तास निघतो, रात्र निघत नाही. सर्दीच्या गोळीने गुंगी येते, ती विचारून घ्या. आणि जोरात घोरणारा माणूस गाढ झोपतो असं समजू नका. काहींचा श्वास रात्रभर अडकत असतो, म्हणून ते दिवसा पेंगतात. त्यांना तपासायला आणा.

पण मला जास्त बोलायचंय ते गाडी ठरवणाऱ्यांशी. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरचं काम दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं. आणि आपण? चैत्रात जोतिबाला क्रूझर पहाटे चारला निघते, येताना कोल्हापूरला अंबाबाई होते, खरेदी होते, परतायला मध्यरात्र. ड्रायव्हर तीनला उठलेला असतो. आदल्या रात्री तो दुसऱ्याचं वऱ्हाड सोडून आलेला असतो. लग्नात आपण त्याला आग्रहाने जेवायला वाढतो, वर मठ्ठा देतो. भरल्या पोटी दुपारी दोन ते चार तशीही पेंग येते. पण तास-दोन तास पडायला त्याला जागा देताना मी कुणाला पाहिलेलं नाही. बिचारा सीट मागे करून, पाय दाराबाहेर काढून उन्हात पडतो आणि पोरं हॉर्न वाजवतात.

गाडी ठरवताना भाड्याच्या आधी विचारा, "काल रात्री किती वाजता आडवा झालास?" उत्तर गोलमाल आलं तर दुसरी गाडी बघा. मांडवामागे एका खोलीत चटई आणि पंखा त्याच्या नावाने ठेवा. रात्री निघायचं ठरलेलं असलं तरी घरच्या कर्त्या माणसाने त्याच्या तोंडाकडे बघून पहाटेवर ढकलावं. त्याला विचारत बसू नका. तो "जमतंय की" म्हणणार, कारण त्याला दुसऱ्या दिवशीचं भाडं दिसत असतं आणि झोप दिसत नसते.

जांभळीच्या झाडाची गोष्ट मी वॉर्डात सांगितली होती. पुढच्या नाईटनंतर सकाळी मी निघाले, तेव्हा मावशींनी मला काही विचारलं नाही. खांद्यावरची पर्स काढून घेतली, किल्लीसकट कपाटात ठेवली आणि हातात घोंगडी दिली. मी अडीच तास झोपले.